सातशे कलमांचा दावा

जागा तीस दिवसांत रिकामी करावी असा कागद आला, तेव्हा आबांनी सुनेकडून तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "तीस म्हणजे पुरे तीस ना?"

"आकड्यात तीस आहे, अक्षरातही तीस आहे."

"मग झालं," आबा म्हणाले. आकड्यात कुणीही थाप मारेल, पण सरकार अक्षरात लिहून खोटं बोलणार नाही, असं त्यांचं मत होतं. आबा सत्तर वर्षांचे होते. मत त्याहून जुनं असावं.

जागेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बावीस वर्षं त्या भाड्याच्या तुकड्यावर त्यांनी संत्र्याची कलमं केली होती. मालक मेला आणि मुलांनी तो तुकडा सिमेंटच्या गोदामासाठी विकला. भाड्याची जागा आणि उसनी छत्री कधीतरी परत जायचीच. "उठायचं तर उठू," आबा म्हणाले, "पण हातातलं काम उरकून उठू."

हातातलं काम असं होतं. सातशे पिशव्यांत रानटी लिंबाची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. त्यांच्या सालीत चीर पाडायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा नखाएवढा डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. मग एकवीस दिवस रोप हलवायचं नाही आणि पट्टी सोडायची नाही. तेवढ्यात डोळा खुंटाला धरतो. वरचा रानटी शेंडा छाटला की खालच्या डोळ्यातून संत्रं फुटतं. डोळा धरला नाही, तर हाती राहतं काटेरी रानलिंबू. त्याचं फळ बकरीसुद्धा थुंकून टाकते.

तीन दिवस काम, एकवीस दिवस धरायला, सहा दिवस हलवायला. तीस दिवसांची मुदत ठरवणारा साहेब स्वतः कलमं बांधणारा असावा, असं आबांना वाटलं. त्यांनी चाकू चालवला, सुनेनं पट्ट्या बांधल्या, मुलानं पिशव्या वाहिल्या आणि तीन दिवसांत सातशे डोळे भरून झाले. रात्री आबांची बोटं मिटत नव्हती. सुनेनं ती कोमट पाण्यात बुडवून ठेवली आणि वाडगा धरून बसली.

बाराव्या दिवशी सकाळी बेलीफ आला. सोबत दोन पोलीस, दोन पंच, चार हमाल आणि एक ट्रॉली.

"अजून अठरा दिवस आहेत," सून कागद घेऊन पुढे झाली.

"तुमचे असतील," बेलीफ म्हणाला. "माझी परवापासून रजा आहे. बायकोला समुद्र दाखवायचाय. मागे फाईल ठेवून गेलो तर तिथं लाटा मोजायच्या की हे मोजायचं?"

"साहेब, डोळे नऊ दिवसांचे आहेत," आबा म्हणाले. "आत्ता हलवले तर सगळे मरतील."

बेलिफानं आबांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. "दवाखान्यात दाखवा," तो म्हणाला, आणि हमालांना खूण केली.

हमालांनी रोपं मानेला धरून उचलली. पिशवी खालून धरायची असते, हे आबा चौघांच्या मागे पळत सांगत होते. चौघांमागे एकाच वेळी पळणं सत्तरीत जमत नाही. मग प्रश्न आला मोजणीचा. एकदा मोजणी चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. तेव्हा पंचांपैकी एकाला, जो एरवी सायकली दुरुस्त करायचा, युक्ती सुचली: मोजलेल्या रोपाची पट्टी काढून घ्यायची. म्हणजे तेच रोप पुन्हा मोजलं जाणार नाही, आणि शेवटी पट्ट्या मोजल्या की आकडा पक्का.

"अरे डोकं आहे तुला!" बेलीफ म्हणाला.

सून पहिल्या रोपावर आडवी पडली. महिला पोलीस आणलेली नसल्यामुळे तिला हात लावायचा की नाही यावर पोलिसांत थोडी चर्चा झाली. तेवढ्यात हमालांनी दुसऱ्या टोकापासून पट्ट्या काढायला सुरुवात केली. उघडे पडलेले डोळे उन्हात आले. काही तिथंच सालीतून निसटून मातीत पडले. आबा वाकून ते गोळा करू लागले. तळहातावर पाचपन्नास डोळे जमल्यावर त्यांचं काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी मूठ मिटली आणि संध्याकाळपर्यंत उघडली नाही.

पट्ट्या सहाशे अठ्ठ्याण्णव भरल्या; दोन रोपं हमालांच्या पायाखाली गेली होती. त्या एका पिशवीत घालून पिशवीला लाख लावण्यात आली. पुराव्याच्या बाबतीत बेलीफ फार काटेकोर होता.

"रोपे हिरवी, सुस्थितीत, मालकास परत दिली," त्यानं लिहिलं आणि कागद मुलापुढे धरला. "सही."

"सुस्थितीत कुठं—"

"ट्रॉलीचं भाडं तासावर आहे. सही नसेल तर माल रस्त्यावर."

मुलानं सही केली. नंतर कितीतरी दिवस तो जेवताना उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघायचा.

ट्रॉली जाऊन थांबली सुनेच्या मावशीच्या गोठ्यामागे. मावशी विधवा होती, दोन म्हशी पाळून होती आणि मनानं चांगली होती. मात्र ते लोकांना कळू नये याची ती काळजी घ्यायची.

"ठेवा," ती म्हणाली. "म्हशी दूध तरी देतात. तुमची ही काठ्यांची पलटण काय देणार?"

दहा दिवसांत डोळे काळे पडले. सुनेनं एकेका रोपापाशी गुडघे टेकून पाहिलं. नखानं टोकरलं की डोळा वाळक्या खपलीसारखा गळून पडायचा. सहाशे अठ्ठ्याण्णवातला एकही धरला नव्हता.

वकिलाची खोली टायरच्या दुकानावर होती. आत रबराचा वास आणि भिंतीवर कुणा भलत्याच माणसाचं पदवीचं प्रमाणपत्र. वकील सगळं ऐकत गेला आणि खुलत गेला.

"अठरा दिवस आधी? लेखी मुदत असताना? वा! असा बेकायदा प्रकार माझ्याकडे चार वर्षांत आला नाही. ही केस हरायला वेगळी अक्कल लागते."

ती त्याच्याकडे होती, हे पुढे दिसलं.

"नुकसानभरपाईचा दावा लावू. फक्त एक करायचं, काहीही करायचं नाही. पाहणी होईपर्यंत सगळं जैसे थे. एक पान तोडायचं नाही."

"पाणी?" सुनेनं विचारलं.

वकील विचारात पडला. "पाणी घाला. नाहीतर म्हणतील तुम्हीच मारली."

"पण खुंट जिवंत आहे," आबा म्हणाले. "पाणी घातलं की रानटी शेंडा माजणार. आणि दुसऱ्या बाजूनं नवा डोळा भरता येतो अजून. ओल आणि ऊब आहे तोवर साल सुटते. थंडी धरली की चिकटते. मग वर्ष गेलं."

"आबा," वकील प्रेमानं म्हणाला, "तुम्ही डोळा भरलात तर नुकसान भरून निघालं, असं नाही का होणार? मग भरपाई कशाची मागू?"

शहाण्या माणसाचं बोलणं बऱ्याचदा असंच असतं: उत्तर सुचत नाही म्हणून ते खरं धरायचं.

भरपाईची गरज एका साध्या गोष्टीसाठी होती. अर्ध्या कोसावर एका विहीरवाल्याची संत्र्याची बाग होती. बागेतली झाडं आबांनीच कधीतरी बांधून दिलेली. बागेशेजारचा ओला तुकडा तो द्यायला तयार होता. "रोख द्या, नाहीतर डोळे धरलेल्या कलमांतली निम्मी द्या," तो म्हणाला होता. "पण थंडीच्या आत सांगा. वीटभट्टीवाला रोज येऊन बसतो." तुकडा मिळाला तर धंदा राहणार, नाही मिळाला तर आबांच्या चाकूनं पुढं कांदे चिरायचे. मुलगा आतापासूनच गोदामाच्या बांधकामावर सिमेंटची पोती वाहायला जात होता. बावीस वर्षं जिथं रोपांना पाणी घातलं त्याच जागेवर तो आता काँक्रीटला पाणी मारायचा. मुकादम त्याच्यावर खूश होता. "याचा हात चांगला आहे पाण्याला," तो सांगायचा.

दाव्याच्या अर्जात एक रकाना होता: नुकसानीचा आकार, लांबी गुणिले रुंदी. सुनेनं लिहिलं, 'प्रत्येकी नखाएवढा.'

भरपाई कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं चष्मा वर केला. "नख हे माप नाही. कुणाचं नख? माझं की तुमचं?"

ती दुसऱ्या दिवशी मोजपट्टीनं मोजून आली. दोन सेंटिमीटर लांब, अर्धा रुंद. कारकुनानं गुणाकार केला, एकूण केला, पुन्हा तपासला आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

"सगळं मिळून तुमचं नुकसान जेवणाच्या ताटाएवढं भरतं, बाई. एवढ्यासाठी चार प्रती?"

"ताट आमचंच होतं," सून म्हणाली.

त्यानं शिक्का मारला. बोलण्याला रकाना नव्हता.

मग जैसे थे सुरू झालं. आबांच्या आयुष्यात इतकं जड काम दुसरं आलं नसेल. रोज पहाटे ते रोपांच्या रांगांतून फिरायचे. रानटी फूट दिसली की अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढं व्हायची. पन्नास वर्षांची सवय. सून मागून ओरडायची, "आबा, जैसे थे!" आणि आबा गरम भांड्याला हात लागल्यासारखा हात मागं घ्यायचे. शेवटी ते हात पाठीमागं बांधून फिरू लागले. मावशी म्हशीचं दूध काढता काढता म्हणायची, "तुरुंगात साहेब फिरतो तसे फिरताय. आत कोण आहे, तुम्ही का ती?"

सून रोज साठ घागरी पाणी ओतायची. एका वैऱ्याला पोसावं तसं. रानलिंबानं उपकार ठेवले नाहीत. गुडघ्याएवढं होतं ते कमरेएवढं झालं, बोटबोट काटे धरले. तिच्या हातांवर ओरखड्यांची जाळी उठली. कार्यालयात चौकशीला जायची तेव्हा कारकून हाताकडे बघून म्हणायचा, "मांजर पाळलंय वाटतं. पाहणी ना? पुढच्या आठवड्यात. साहेबांची गाडी दुरुस्तीला आहे."

गाडी अकरा आठवडे दुरुस्तीला होती. बाराव्या आठवड्यात भरपाई अधिकारी आले. सोबत वकील होता, नव्या बुटांत. मावशीनं घरातली एकुलती एक खुर्ची पुसून ठेवली. साहेब तीत बसले. बसताना आलेला आवाज बघता, पुन्हा उठण्याचा त्यांचा विचार नसावा.

"वा!" साहेब म्हणाले. "काय जोम आहे! आणि तुम्ही म्हणता मेली?"

"हे वरचं आमचं नाही साहेब," आबा म्हणाले. "हे रानलिंबू आहे. आमचं संत्रं खाली होतं. ते मेलं."

"पण झाड तर एकच दिसतंय."

"एकच आहे. पण दोन असतात त्यात."

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं आकाशाकडे पाहिलं.

"खाली बसून बघायला लागेल, साहेब," सून म्हणाली. "बुंध्यापाशी. काळा डाग दिसेल."

"बसलोच आहे ना मी?"

"गुडघे टेकून."

साहेबांनी आपल्या गुडघ्यांची दिशा आठवून पाहिली. मधे पोट होतं, पँटला इस्त्री होती, जमिनीवर शेण होतं. "इथं आणा," ते म्हणाले. सुनेनं एक पिशवी उचलून त्यांच्यापुढे धरली. काटा साहेबांच्या बाहीला अडकला. आबांनी वाकून बुंध्यावरचा काळा डोळा दाखवला, समजावं म्हणून नखानं जरासा टोकरला. डोळा टपकन साहेबांच्या बुटावर पडला.

"हे काय केलंत?" साहेब दचकले. "माझ्यासमोर पुराव्याशी छेडछाड?"

"आबा, आबा..." वकील कळवळला.

"तो मेलेलाच होता, साहेब!" सून म्हणाली. "हात लावला की पडतो, हेच तर दाखवतोय."

"हात लावला, हे महत्त्वाचं," साहेब म्हणाले आणि लिहिलं: रोपे जोमदार. उंची सुमारे एक मीटर. एका रोपास अर्जदाराने पाहणीदरम्यान इजा केली. मग मावशीचा चहा पिऊन ते गेले. खुर्चीचा एक पाय त्यानंतर कायमचा बाहेर गेला.

सुनावणी तीन दिवसांनी झाली. खोलीत पंखा फिरत होता, पण वारा फक्त टेबलाच्या पलीकडे जात होता. सून, मुलगा आणि आबा अलीकडे उभे राहिले. मुलाचा त्या दिवसाचा खाडा पडला होता.

साहेबांनी बेलिफाचा कागद वाचला. "'हिरवी, सुस्थितीत.' ही सही कुणाची?"

"माझी," मुलगा म्हणाला.

"जबरदस्तीनं घेतलेली," वकिलानं आठवण करून दिली.

"अक्षर तर सरळ आलंय. जबरदस्तीत हात हलतो." साहेबांनी पान उलटलं. "बरं, बाराव्या दिवशी ताबा घेतला, हे मला मान्य आहे. घाई झाली. अनियमितता झाली असं म्हणू. पण अनियमितता म्हणजे नुकसान नव्हे. झाडं मी स्वतः पाहिली. माझ्या बंगल्यात अशी वाढ नाही."

"साहेब," आबा म्हणाले, "मुदत मोडली नसती तर आज सातशे संत्री असती. आज सातशे काटे आहेत. एवढंच लिहा. मला बाकी काही नको."

साहेब वाईट नव्हते. वाईट व्हायला जेवढे कष्ट पडतात तेवढे त्यांनी कधी घेतले नव्हते. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"दावा मी फेटाळत नाही," ते म्हणाले. वकिलानं आबांचा दंड दाबला. "हे संत्रं की लिंबू, हा तांत्रिक मुद्दा आहे. तज्ज्ञांचं मत मागवू."

"मी सांगतोय ना," आबा म्हणाले. "पन्नास वर्षं हेच करतोय."

"तुम्ही अर्जदार. अर्जदार तज्ज्ञ कसा असेल?"

"मग तज्ज्ञ कोण?"

साहेबांनी कारकुनाला विचारलं. कारकुनानं यादी पाहिली. फळझाडांचे तज्ज्ञ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार मत्स्यबीज खात्याकडे होता.

"येतील ते," साहेब म्हणाले. "नव्वद दिवसांत. तोवर जैसे थे. एक फांदी जरी तोडली, तर दावा निकाली समजण्यात येईल."

बाहेर जिन्यात वकील भलताच उत्साही होता. "फेटाळला नाही! पाहिलंत? 'अनियमितता' हा शब्द त्यांच्या तोंडून काढून घेतला मी. मासेवाला काय बोलणार झाडांवर? वर अपील, मग त्याच्या वर..."

"नव्वद दिवसांनी कडाक्याची थंडी असेल," सून म्हणाली.

"मग शाल घेऊन या," वकील म्हणाला आणि स्वतःच हसला.

गोठ्याशी पोचल्यावर आबा कपडे न बदलता थेट पहिल्या रांगेकडे गेले. गुडघे टेकले. पाठीमागं बांधलेले हात त्यांनी सोडले, कमरेचा चाकू काढला आणि एका खुंटाला मृत डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उभी चीर दिली. चाकूच्या पाठीनं साल उचलली. साल ओल्या कागदासारखी अलगद सुटली. आत पांढरा, चिकट ओलावा चमकला.

"सुटतेय," आबा म्हणाले. "आठवडा. फार तर दहा दिवस."

"दावा जाईल," मुलगा म्हणाला. "एवढे हेलपाटे मारले, आबा. मी सही केली ती तरी पुसली गेली असती."

"ती पुसायला मासेवाला येणार आहे होय?" मावशी गोठ्यातून म्हणाली.

सून चपला पायात होत्या तशीच विहीरवाल्याकडे गेली आणि तासाभरानं ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डोळकाड्यांची मोळी घेऊन आली. "निम्मी कलमं त्याची," ती म्हणाली. "डोळे धरले की तुकडा आपला. मी हो म्हणून आलेय."

दुसऱ्या दिवशी मुलगा गोदामावर गेला नाही. त्यानं कोयता घेतला आणि रानटी शेंडे निम्म्यावर छाटायला सुरुवात केली. हात पोचायला आणि बुंध्यावर उजेड पडायला तेवढं हवंच होतं. बारा आठवडे पोसलेलं जंगल रांगांमधून ढिगानं पडू लागलं. मावशी फांद्या ओढून कुंपणाला लावत होती आणि दर काट्याला बेलिफाच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करत होती.

पन्नासेक रोपांनंतर आबांचा चाकू थांबला. बोटं थरथरत होती. चीर वाकडी गेली, साल फाटली. त्यांनी थोडा वेळ चाकूकडे पाहिलं आणि मूठ सुनेकडे करून पुढं धरला.

"मी फक्त बांधते, आबा. कापलं नाही कधी."

"बावीस वर्षं बघतेस. आता बघून झालं."

तिनं पहिला डोळा काढला तो खोल गेला, लाकूड आलं. "फेक," आबा म्हणाले. दुसरा तुटला. "फेक." तिसरा साफ आला. तिनं तो चिरेत सरकवला. आबांनी चष्मा नाकावर ओढून पाहिला आणि काहीच म्हटलं नाही. त्यांच्या शाळेत याला शाबासकी म्हणत. मग ते बसले आणि पट्ट्या बांधू लागले. त्या कामाला थरथर चालते.

चौथ्या दिवशी वकील आला. मासेवाल्या साहेबांना द्यायच्या अर्जावर सह्या हव्या होत्या. रांगांच्या मधे येऊन तो थिजला. उरलेल्या बोडक्या खुंटांवर नव्या पट्ट्या चमकत होत्या.

"हे काय केलंत?" तो ओरडला. "पुरावा नष्ट केलात! अहो, मी जवळजवळ जिंकत आणलं होतं! आता दावा कशावर उभा करू?"

"तुम्ही उभे आहात त्याच्यावर," सून म्हणाली. "पायाखाली सगळा दावाच पडलाय."

वकिलानं खाली पाहिलं. पाऊल उचललं, तर काटा बुटाच्या तळातून आत गेलेला. एका पायावर तोल सांभाळत तो बूट काढू लागला. "तुमच्यासारख्यांसाठी कायदा करून उपयोग नाही. कुणी पुन्हा उठवलं ना, तर माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार," आबा दातात पट्टी धरून म्हणाले.

सुनेच्या अंगठ्यावर नखाएवढा डोळा होता. सालीची आतली बाजू सुकायच्या आत तो चिरेत जायला हवा होता, आणि वकिलाची सावली नेमकी खुंटावर पडली होती.

"वकीलसाहेब," ती मान वर न करता म्हणाली, "जरा सरका. उजेड अडतोय."